घरात मूल भडकतं तेव्हा: आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-काकू आणि सावत्र पालकांचे नेहमीचे प्रश्न (ठाणे आणि नवी मुंबई)

आईवडिलांच्या जागी उभं राहून ९ ते १८ वयाचं मूल सांभाळणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. सख्खे आईवडील वाचत असतील तर बहुतेक उत्तरं त्यांनाही लागू पडतील. कुणाच्या जिवाला धोका असेल तर वाचत बसू नका, ११२ लावा.

आत्ता या क्षणी घरात आरडाओरडा चालू आहे. आधी काय करू?

बोलणं कमी करा. मूल पेटलेलं असताना कितीही समजावलं तरी त्याच्यापर्यंत पोचत नाही. प्रत्येक वाक्य त्याला नवं आव्हान वाटतं आणि शब्दाने शब्द वाढतो. एकाच मोठ्या माणसाने समोर थांबायचं, बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीत जायचं. वन बीएचकेमध्ये दुसरी खोली म्हणजे बहुधा स्वयंपाकघर. तिथे जाणाऱ्याने गॅस बंद करावा आणि ओट्यावरची सुरी, कात्री, गरम भांडं उचलून ठेवावं. लहान भावंडांना शेजारी नाहीतर खाली खेळायला न्या.

समोर थांबणाऱ्याने दोन हात लांब, थोडं तिरकं उभं राहावं किंवा सरळ खाली बसावं. दाराची वाट अडवू नका. कोंडल्यासारखं वाटलं की मूल ढकलून बाहेर पडायला बघतं, आणि घरातली धक्काबुक्की बहुधा अशी दारातच सुरू होते. गॅलरीचं दार मात्र आधीच लावून घ्या. हात धरू नका, खांद्यावर हात ठेवू नका, ‘शांत हो’ म्हणू नका. आवाज मुलाच्या आवाजाखाली ठेवून एकच छोटं वाक्य बोला: ‘मी इथेच आहे. आपण नंतर बोलू.’ पुन्हा बोलावंच लागलं तर तेच वाक्य.

आवाज थांबला तरी राग उतरलेला नसतो. छातीतली धडधड आणि हातांची थरथर ओसरायला साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, काही मुलांना त्याहून जास्त. नेमक्या याच वेळात मोठी माणसं ‘आता सांग, का केलंस?’ असं विचारतात आणि दुसरा भडका उडतो. तो पहिल्यापेक्षा वाईट असतो. या अर्ध्या तासात पाणी द्या, पंखा लावा, आणि आजच्या आज निकाल लावायची घाई सोडा.

‘तुम्ही माझे आई-बाबा नाही, मला सांगणारे तुम्ही कोण?’ यावर काय बोलायचं?

हे ऐकताना काळजाला घरं पडतात, आणि त्या भरात ‘आम्ही नसतो तर रस्त्यावर आला असतास’ असं तोंडून निघून जातं. मूल हे वाक्य वर्षानुवर्षं विसरत नाही. उपकार काढणं आणि ‘अगदी बापावर गेलायस’ म्हणणं, या दोन गोष्टी घरात कायमच्या बंद करा. मुलासाठी केलेल्या कुठल्याही नियमापेक्षा मोठ्यांनी पाळायचा हा नियम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

मुलाचं म्हणणं खरंच आहे, तर ते मान्य करा. ‘बरोबर आहे, मी तुझी आई नाही. मी तुझी मावशी आहे आणि तू माझी जबाबदारी आहेस. नऊच्या आत घरी, हा नियम तसाच राहील.’ एवढंच. पहिलं वाक्य वादातली हवा काढून घेतं, दुसरं नातं सांगतं, तिसरं नियम जागेवर ठेवतं. त्यावर मुलाने काहीही म्हटलं तरी चौथं वाक्य जोडू नका.

ज्याचे आईवडील गेले, सोडून गेले किंवा दीर्घ आजारात अंथरुणाला खिळले, ते मूल एकदा हात सुटण्याचा अनुभव घेऊन तुमच्याकडे आलेलं असतं. तुम्हीही सोडाल का, हे ते तपासत राहतं. आणि त्याची तपासण्याची रीत म्हणजे तुम्हाला सहन होणार नाही असं वागून बघणं. म्हणून ‘हॉस्टेलला टाकीन’, ‘गावाला पाठवीन’, ‘रिमांड होमला देईन’ या धमक्या उलट काम करतात. मुलाला आपली भीती खरी ठरल्यासारखी वाटते आणि ते आणखी जोरात तपासू लागतं.

एवढ्याशा कारणावरून एवढा थयथयाट का?

दिसतं ते कारण शेवटची काडी असते. आधी झोप बघा. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप लागते, ६ ते १२ वयात ९ ते १२ तास. सकाळच्या शाळेसाठी सहाला उठणारं आणि रात्री बाराला झोपणारं मूल रोज दोन तास तरी मागे पडतं, आणि त्याची भरपाई चिडचिडीतून होते. मग भूक बघा: शाळा आणि क्लासच्या मध्ये नुसत्या वेफर्सच्या पाकिटावर काढलेली संध्याकाळ साडेसात-आठला घरात फुटते. क्लासला जाण्याआधी पोळीभाजी, पोहे, अंडं असं काहीतरी पोटात गेलं तर संध्याकाळची निम्मी कुरबुर टळते.

नंतर तारखा बघा. वर्षश्राद्ध, पितृपक्ष, आईचा वाढदिवस, शाळेतली पालकसभा, गणपतीत सगळी चुलत भावंडं आपापल्या आईवडिलांसोबत जमलेली. या दिवसांच्या आधी आठवडाभर मूल बिथरतं आणि त्याला स्वतःलाही कारण सांगता येत नाही. मोठ्यांचं दुःख रडण्यातून दिसतं, मुलांचं बरेचदा रागातून. कॅलेंडरवर भडक्याचे दिवस आणि वेळ नुसत्या खुणेने टिपा. महिनाभरात आकार दिसायला लागतो.

चांगलं वागणारं मूल अचानक बदललं, एका ठरावीक व्यक्तीला किंवा जागेला टाळू लागलं, अंघोळ-कपड्यांबाबत विचित्र वागू लागलं, तर लैंगिक अत्याचाराची शक्यता मनात ठेवा. शांतपणे ऐकून घ्या, खोदून प्रश्न विचारू नका, संशयिताला जाब विचारायला जाऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. तो नातेवाईक असला तरीही.

पण मी गप्प बसलो तर मूल डोक्यावर नाही बसणार?

गप्प बसणं आणि ऐकणं-मान्य करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्यावर बसतं ते वेगळ्याच कारणाने. मूल मागतं, तुम्ही नाही म्हणता, ते ओरडतं, तुम्हीही ओरडता, ते आदळआपट करतं, आणि शेवटी शेजाऱ्यांच्या लाजेने किंवा थकव्याने तुम्ही ‘घे बाबा, काय हवं ते घे’ म्हणता. त्या दिवशी मूल शिकतं की ओरडणं पुरत नाही, आदळआपट पुरते. पुढच्या वेळी ते थेट तिथूनच सुरू करतं.

उपाय कंटाळवाणा आहे: जे द्यायचं आहे ते पहिल्या मागणीलाच द्या, जे द्यायचं नाही ते शेवटपर्यंत देऊ नका. असं ठरवल्यावर पहिले काही दिवस भडके वाढतात, कारण आधी चालणारी युक्ती चालेना म्हणून मूल जोर वाढवून बघतं. इथे बहुतेक घरं हात टेकतात आणि मग मूल आणखी वरची पायरी शिकतं. दोन-तीन आठवडे धरून ठेवायची तयारी नसेल तर तो नियम करूच नका.

नियम तीनच ठेवा. मारायचं नाही, न सांगता बाहेर जायचं नाही, रात्री ठरल्या वेळी फोन जमा करायचा, असे. खोलीतला पसारा, केस, बोलण्याचा सूर यांवर सध्या पाणी सोडा. नियम मोडला तर परिणाम लहान, त्याच दिवसाचा आणि आधी सांगितलेला असावा. ‘महिनाभर क्रिकेट बंद’ ही शिक्षा चौथ्या दिवशी तुम्हीच मोडता आणि तुमच्या शब्दाची किंमत जाते.

सगळ्यात मोठी भांडणं फोनवरून होतात. फोन काढून घेऊ का?

हातातून हिसकावू नका. हिसकावलेल्या फोनवरून घरात हाणामारी होते, काच फुटते, मूल घर सोडतं. बंद होण्याची वेळ आधी ठरलेली असावी आणि ती कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलेली असावी. वीस मिनिटं आधी एकदा सांगा, पाच मिनिटं आधी एकदा. ऑनलाइन खेळाचा डाव मध्येच सोडता येत नाही, सोडला तर सोबतचे खेळणारे शिव्या घालतात. ‘हा डाव संपला की’ असं म्हणा आणि एक डाव साधारण किती मिनिटांचा असतो ते मुलाकडूनच समजून घ्या. रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये एकाच जागी चार्जिंगला लावायचे. तुमचाही तिथेच. गजराचं घड्याळ विकत आणा, म्हणजे ‘गजरासाठी फोन हवा’ हा मुद्दा उरत नाही.

घरचं वायफाय राउटरच्या सेटिंगमधून ठरल्या वेळी आपोआप बंद करता येतं. यंत्र बंद झालं की मूल माणसाशी कमी भांडतं. मोबाइल डेटाचं वेगळं बघावं लागेल. तुमचा यूपीआय पिन मुलाला ठाऊक असेल तर आजच बदला.

एक-दोन फटके मारले तर काय बिघडतं?

आजोबांच्या पिढीला हा प्रश्न मनापासून पडतो, म्हणून सरळ उत्तर देतो. फटक्याने ते वागणं त्या क्षणी थांबतं, म्हणून तो उपाय वाटतो. पण मूल त्यातून शिकतं ते ‘बलवानाचं चालतं’ हे, आणि चौदा-पंधराव्या वर्षी बलवान कोण हे बदलतं. आधीच मार खाल्लेल्या किंवा घरात मारहाण पाहिलेल्या मुलाला तुमचा उचललेला हात जुन्या माणसाचा हात वाटतो.

कायदाही बघा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला मारहाण केली, छळलं किंवा वाऱ्यावर सोडलं आणि त्यातून त्याला विनाकारण शारीरिक-मानसिक त्रास झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं, घराबाहेर उभं करणं हे फटक्यापेक्षा सौम्य आहे असं समजू नका.

मूलच माझ्या अंगावर धावून येतं. मी साठीच्या पुढे आहे.

प्रतिकार करू नका, जागा सोडा. कुठल्या शेजाऱ्याकडे जायचं ते आधीच ठरवून त्यांना सांगून ठेवा, आणि घराची एक किल्ली तिथे ठेवा. फोन आणि औषधं हाताशी येतील अशा एकाच पिशवीत असू द्या. हत्यार हातात असेल, कुणाला लागलं असेल किंवा तुम्हाला बाहेर पडता येत नसेल तर ११२ वर फोन करताना ‘मूल अठराच्या आतलं आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. अशा मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि पुढचं त्याने हाताळायचं असतं.

नातवाचं नाव पोलिसात गेलं तर आयुष्य खराब होईल या भीतीने आजी मार लपवतात. मार लपवला की पुढची इजा मोठी होते, आणि गुन्हाही मोठा होतो.

भांडण होऊन गेल्यावर अबोला धरतो. विषय परत काढायचा का?

काढायचा, पण दुसऱ्या दिवशी, समोरासमोर बसवून नव्हे. स्कूटरवर मागे बसवून, उपवनच्या काठाने किंवा पाम बीचच्या बाजूने चालताना, भाजी निवडताना. नजरेला नजर न भिडवता मुलं जास्त बोलतात. दहा मिनिटं पुरतात.

आधी तुमचा वाटा सांगा: ‘काल मी तुझ्या मित्रांसमोर ओरडले, ते चुकलं.’ त्याला ‘पण तू सुद्धा’ जोडू नका. मग विचारा, ‘काल कशाने सगळ्यात जास्त राग आला?’ आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. तीस सेकंदांची शांतता फार लांब वाटते, तरी थांबा. शेवटी पुढच्या वेळचं एकच ठरवा. राग आल्यावर मूल कुठे जाऊन बसेल, आणि तिथे तुम्ही त्याच्या मागे जाणार नाही, हे ठरलं तरी पुष्कळ झालं. फोडलेल्या वस्तूची भरपाई खाऊच्या पैशातून हप्त्याने होऊ द्या. पाया पडून माफी मागायला लावू नका.

अबोला मोठ्यांनी कधीच धरू नये. ‘जेवायला ये’ हे वाक्य भांडणाच्या रात्रीही त्याच सुरात यायला हवं.

आजी लाड करते, मामा कडक आहे. मूल याचा फायदा घेतं.

घेणारच, त्यात मुलाचा दोष नाही. मोठ्यांनी रात्री मूल झोपल्यावर बोलून तीन नियम एकमताने ठरवावेत, आणि दुसऱ्याचा निर्णय मुलासमोर फिरवू नये. पटला नसेल तरी त्या दिवसापुरता पाळायचा, नंतर आपसात बोलायचं. लाड आजीने जरूर करावेत. नियम मोडल्याच्या परिणामातून सोडवणूक तेवढी करू नये.

आई (किंवा वडील) महिनोन्‌महिने गायब असते, मग एकदम फोन करते, वचनं देते. नंतर आम्हाला आठवडा निस्तरावा लागतो.

मुलासमोर तिला नावं ठेवू नका. मूल स्वतःला तिचाच अर्धा भाग मानतं आणि तो अपमान स्वतःवर घेतं. फोनचा दिवस आणि वेळ ठरवून घ्या, शक्यतो रविवार सकाळ, परीक्षेच्या आदल्या रात्री नको. ‘सुट्टीत घेऊन जाईन’ असं वचन आलं तर मुलाला म्हणा, ‘झालं तर छानच. नाही झालं तर आपण काय करायचं तेही ठरवून ठेवू.’ फोननंतरचे दोन दिवस घरात काही नवं फर्मान काढू नका.

भांडून घरातून निघून गेलं. किती तास वाट बघायची?

अजिबात नाही. चोवीस तास थांबायची अट कुठल्याही कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. अठराच्या आतल्या मुलाबाबत अपहरण झालं असं धरून तपास सुरू होतो. ‘तुमची हद्द नाही’ असं उत्तर मिळालं तर झिरो एफआयआर नोंदवायला सांगा, ती कुठल्याही पोलीस ठाण्यात होते.

घरातल्या एकाने पोलीस ठाण्यात जायचं, एकाने घरीच थांबायचं (बरीच मुलं रात्री स्वतःहून परततात आणि दार बंद पाहून वळतात), एकाने शोधायचं. ठाण्यात जाताना अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, उंची, ओळखीची खूण, फोन नंबर, फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक आणि जवळच्या तीन-चार मित्रांचे नंबर घ्या. मित्रांना विचारताना ‘रागावणार नाही, फक्त ठीक आहे ना एवढं कळव’ असा निरोप द्या. ओरडलात तर ते लपवतील. सोसायटीच्या गेटचं सीसीटीव्ही चित्रण लगेच बघून घ्या, म्हणजे कुठल्या दिशेला गेलं ते कळेल. ठाणे-वाशी-पनवेल मार्गावरची स्थानकं, तलावपाळी, उपवन, वाशीचं मिनी सीशोअर, मॉलमधले गेम झोन इथे मुलं सापडतात. स्थानकावर रेल्वे पोलिसांना फोटो द्या, आणि १०९८ ही चाइल्डलाइनही (मुलांसाठीची हेल्पलाइन) लावा.

सापडल्यावर पहिले शब्द ‘बरं झालं आलास, जेवलास का?’ हेच असावेत. बाकी सगळं उद्या.

‘मी जीव देईन’ म्हणतो. नुसती धमकी असेल का?

धमकी समजून सोडून द्यायची गोष्ट ही नव्हे. सरळ विचारा: ‘मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं हे ठरवलंयस का?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कुणाला तरी कळलं म्हणून मुलाला हलकं वाटतं. ‘कसं’ याचं उत्तर मुलाकडे तयार असेल तर त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. घरातली औषधं (आजोबांची मधुमेह-रक्तदाबाची धरून), फिनाइल, उंदराचं औषध कुलपात ठेवा, गच्चीच्या दाराबाबत सोसायटीत सांगा, बाथरूमची कडी बाहेरून उघडेल अशी करून घ्या.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पोलीस केस होईल म्हणून रुग्णालयात न्यायला घाबरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं.

हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या तर रागावू नका, रडू नका, ‘दाखव’ म्हणून बाही ओढू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. जखम खोल असेल, उघडी पडली असेल किंवा रक्त थांबत नसेल तर थेट रुग्णालय.

डॉक्टरकडे कधी न्यायचं आणि कुठे?

झोप, जेवण, शाळा किंवा मैत्री यांतलं काही दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल तर. किशोरवयातलं नैराश्य पुष्कळदा उदास न दिसता सतत चिडकं दिसतं. लक्ष न लागणं, वाचताना अक्षरं चुकणं, चंचलता हे लहानपणापासून असेल तर तसंही सांगा. वर्षानुवर्षं ‘आळशी’ म्हणून मार खाणाऱ्या मुलांत हे दडलेलं असतं.

मानसोपचारतज्ज्ञ औषध देऊ शकतात, समुपदेशक बोलून उपचार करतात. बरेचदा दोन्ही लागतं. सरकारी खर्चात ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय (१९०१ पासूनचं, नाव ऐकून दचकू नका, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे) आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नेरुळला डॉ. डी. वाय. पाटील हे खासगी रुग्णालय. ठाण्यातच १९९० पासून इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, ही संस्था काम करते. जाताना भडक्यांच्या नोंदीचं कॅलेंडर, शाळेचं प्रगतिपुस्तक, चालू औषधं आणि तुमचं मुलाशी नातं दाखवणारा कागद घ्या. मुलासमोर तक्रारींची यादी वाचू नका. चिठ्ठी लिहून आधीच आत द्या.

दाखल करायची वेळ आलीच तर अठराच्या आतल्या मुलासाठी पालकाचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात, मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने सोबत थांबायचं असतं.

‘मी वेडा नाही’ म्हणून यायलाच तयार नाही.

तुम्ही एकटे जा. पालकाने वागणूक बदलली की मूल न येताही घर निवळायला लागतं. पुढे म्हणा, ‘आपल्या दोघांत भांडणं होतात, त्यासाठी मी जातेय. माझं चुकतं ते तू येऊन सांगितलंस तर बरं.’ आमिष दाखवून किंवा खोटं सांगून नेऊ नका, दुसऱ्यांदा येणार नाही.

शाळेत काय सांगायचं?

वर्गशिक्षकांना आणि समुपदेशकांना एवढंच: मूल कुणाकडे राहतं, घ्यायला कोण येईल, कुठल्या दिवसांत जपायचं. घरचा इतिहास सांगायची गरज नाही. शाळेत मारहाण आणि मानसिक छळ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे. दहावीत नापास झाल्यावरची भांडणं फार टोकाला जातात. जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते आणि एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावी करता येते, हे निकालाच्या आधीच मुलाच्या कानावर घाला. शाळा पूर्ण सुटली असेल तर १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसता येतं.

दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडला.

भारतात ई-सिगारेटची विक्री २०१९ पासून बंद आहे, त्यामुळे मुलाने तो कुठूनतरी चोरट्या मार्गाने मिळवलेला असतो. देणारा कोण, पैसे कुठून आले, हे समजणं व्हेप फेकून देण्यापेक्षा महत्त्वाचं. त्या संध्याकाळी तपासणी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी वस्तू टेबलावर ठेवून ‘हे मला सापडलं, काळजी वाटते, कधीपासून?’ असं विचारा. गांजा, गोळ्या किंवा व्हाइटनर-सोल्युशन हुंगणं असेल तर समुपदेशकावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

स्कूटरची किल्ली लपवली म्हणून भांडण.

किल्ली लपवणं बरोबरच आहे. विनापरवाना अल्पवयीन मुलाने गुन्हा घडेल असं वाहन चालवलं तर पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही.

कायद्याने मी पालक आहे का?

मूल सांभाळता म्हणून आपोआप नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार नैसर्गिक पालक वडील आणि आई. त्यात सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. शाळाप्रवेश, पासपोर्ट, शस्त्रक्रियेची संमती, आईवडिलांच्या मागे राहिलेले पैसे यांत अडचण येणार असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल जिथे राहतं त्या भागातल्या न्यायालयात अर्ज करा. तो कुठल्याही धर्माच्या कुटुंबाला लागू आहे. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याचं मतही विचारात घेऊ शकतात. मुलाच्या नावावरची जागा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि हे नातेवाइकांना सांगितलं की घरातली काही भांडणं तिथेच थांबतात.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० लावा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

खर्च झेपत नाही.

राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये, त्यासाठी शहरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत हवं. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, दोघांची आधार कार्डं, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड आणि बँक पासबुक यांच्या प्रती घेऊन जा. हे पैसे मुलावर उपकार म्हणून बोलून दाखवू नका, आणि ‘तुझ्यामुळे पैसे मिळतात’ असंही कुणाला बोलू देऊ नका.

आता माझ्याने होत नाही. मुलाला बालगृहात ठेवता येईल का?

तो निर्णय बाल कल्याण समिती घेते, परस्पर कुणी संस्था घेत नाही. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तुम्ही स्वतः, पोलीस, चाइल्डलाइन किंवा मूल स्वतःही तिथे जाऊ शकतं. समिती आधी घरची चौकशी करते. समुपदेशन, आर्थिक मदत, दुसरा नातेवाईक, हे सगळं बघून मग संस्थेचा विचार होतो. इथे पत्त्यावरून घोळ होतो: दिघा-ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय एकच असलं तरी समिती वेगळी. खारघरच्या पत्त्यावर ठाण्याच्या समितीकडे गेलात तर फेरा पडतो.

समितीकडे जाणं म्हणजे मुलाला टाकणं असं मनाला लावून घेऊ नका. दम संपलेल्या माणसाने वेळेवर मदत मागितली तर मूल घरातच राहण्याची शक्यता वाढते. फक्त हे मुलापासून लपवून करू नका.

शेजारी सोसायटीच्या कमिटीकडे तक्रार करतात.

सेक्रेटरींना स्वतः भेटून दोन वाक्यं सांगा: घरात अवघड काळ चालू आहे, उपचार सुरू आहेत, रात्री आवाज आला तर मला फोन करा. वॉचमनला मुलाचं नाव आणि तुमचा नंबर द्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका, मूल तो वाचतं.

माझंच डोकं भणभणतं. रात्री झोप नाही.

आठवड्यातली एक संध्याकाळ दुसऱ्या कुणावर सोपवा आणि ती ठरलेली ठेवा; मुलालाही कळू द्या की ही सुट्टी आहे, शिक्षा नाही. आपल्याच मुलीच्या किंवा बहिणीच्या मृत्यूनंतर त्यांचं मूल वाढवणारे आजी-आजोबा आणि मामा स्वतःचं दुःख बाजूला ठेवून कामाला लागतात, आणि ते दोन-तीन वर्षांनी वर येतं. १४४१६ तुमच्यासाठीही आहे. बीपीची गोळी चुकवू नका.

अठरा पूर्ण झाल्यावर काय बदलतं?

न्यायालयाने दिलेलं पालकत्व संपतं, मासिक मदत बंद होते, बाल कल्याण समिती नवं प्रकरण घेत नाही, आणि उपचाराची संमती मूल स्वतः देतं. सहा महिने आधीपासून बँक खातं सज्ञान म्हणून बदलणं, पॅन, मतदार नोंदणी, उत्पन्न आणि जातीचे दाखले हे काम हातात घ्या. साठीच्या पुढच्या आजी-आजोबांना मारहाण किंवा घराबाहेर काढण्याचा त्रास सुरू झाला तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्यात सज्ञान नातू-नातही येतात, आणि अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो.